तिसरी तपासणी

रंगीत पेन्सिलींच्या पत्र्याच्या डब्यात चोवीस खाचा होत्या आणि चोवीसही रिकाम्या होत्या. प्रत्येक खाचेत त्या त्या रंगाचा पुसट पट्टा उमटला होता. निळ्याचा सगळ्यात गडद, पांढऱ्याचा जवळजवळ नाहीच. टोक केल्याचा भुसा कुठेही नव्हता. डबा कोणीतरी ओल्या फडक्याने पुसून ठेवला होता.

तेरा वर्षांत मुलीने आपणहून एकही वस्तू पुसून ठेवली नव्हती.

“पेन्सिली कुठे गेल्या गं?” आईने विचारलं.

“खालच्या मजल्यावरच्या छोटीला दिल्या.”

“सगळ्या?”

“मला आता लागणार नाहीत.”

आईने डबा पुन्हा जागेवर ठेवला. साडेसहाची बस गाठायची होती. चपलेचा पट्टा लावताना तिने स्वतःशी म्हटलं, एवढ्यावरून काय ठरतं?

ती एका मोठ्या रुग्णालयाच्या रक्त तपासणी विभागात काम करायची. नळ्या यंत्रात लावायच्या, आकडे बघायचे, पटले तर पुढे पाठवायचे. अकरा वर्षं हेच. नुसत्या एका आकड्यावर विसंबायचं नाही, शंका आली की पुन्हा तपासायचं, ही सवय तिच्या हाडात मुरली होती. संध्याकाळी एप्रन खुंटीला अडकवता येई, सवय नाही.

दुसरी गोष्ट आठवड्याने झाली. मुलीला घरात छकुली म्हणत. बाराव्या वाढदिवसाला तिने जाहीर केलं होतं की यापुढे जो कोणी छकुली म्हणेल त्याच्याशी ती एक तास बोलणार नाही. बाबांना तो तास तिने घड्याळ लावून भोगायला लावला होता. तेव्हापासून बाबा मुद्दाम तशीच हाक मारायचे आणि आतून उशी यायची. त्या दिवशी बाबा ओरडले, “छकुले, जेवायला!” आणि ती आली. उशी नाही, डोळे वटारणं नाही. हजेरीत नाव पुकारल्यासारखी आली, बसली आणि ताटातलं इकडचं तिकडे करत राहिली.

“बघ, शहाणी झाली,” बाबा म्हणाले.

तिसरी गोष्ट रविवारी. शाळेत पालकांना बोलावलं होतं आणि सुट्टी कोणी काढायची यावर दोघांची जुंपली होती. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. एक लिफ्ट अडली की त्यांचा दिवस तिच्याबरोबर अडायचा. मुलगी कपड्यांच्या घड्या घालत होती. मान वर न करता म्हणाली, “मी नसते ना, तर तुमचं दोघांचं किती सोपं झालं असतं.”

“हो का?” आई हसली. “मग माझ्याशी कोण भांडलं असतं?”

मुलगीही हसली. ते हसू आईच्या ध्यानात राहिलं. ते उशिरा आलं होतं आणि लगेच गेलं होतं.

ती खोलीत गेल्यावर आई म्हणाली, “मला काहीतरी बरं नाही वाटत रे. ही पूर्वीसारखी राहिलेली नाही.”

“वय आहे गं. त्या वयात मीही परीक्षा संपेपर्यंत घुम्यासारखा बसून असायचो. झालो की नाही माणूस?”

“अजून नक्की नाही.”

बाबा हसले आणि विषय संपला. संपला म्हणजे दोघांनी तो खाली ठेवला. दोघेही दमलेले होते. दमलेल्या माणसाला विषय खाली ठेवायला फार कारण लागत नाही.

विचारावं असं आईला वाटत होतं. नेमकं काय विचारायचं, तेही तिला ठाऊक होतं. पण तो शब्द घरात उच्चारायचा कसा? विचारलं आणि तिच्या डोक्यात नसलेलंच भरलं तर? आणखी चार दिवस बघू, तिने ठरवलं. आणखी एक खूण दिसली की विचारू.

गुरुवारी सकाळी एका नळीचा आकडा आला. पोटॅशियम, सात पूर्णांक दोन. एवढं पोटॅशियम हृदयाला झेपत नाही. रक्त काढताना पेशी फुटल्या तर हा आकडा खोटाच वाढतो, पण तेव्हा नळीतलं वरचं पाणी लालसर दिसतं. हे पाणी फिकट पिवळं, स्वच्छ होतं. आईने नळी पुन्हा लावली. सात पूर्णांक एक. तिने ती तिसऱ्यांदा लावायला उचलली, तेव्हा मागून हात आला आणि नळी काढून घेतली.

हात मोठ्या बाईंचा होता. त्या विभागाच्या प्रमुख. उंचीने जेमतेम पाच फूट, त्यामुळे नवीन माणूस मोठ्या बाईंना शोधताना हटकून त्यांच्या डोक्यावरून पलीकडे बघायचा.

“दोनदा आलाय ना आकडा?”

“हो, पण म्हटलं एकदा खात्री...”

“पाणी लाल आहे?”

“नाही.”

“मग कसली खात्री करतेस? आधी फोन!”

त्या विभागाचा नियम होता. आकडा धोक्याचा असेल तर छापील रिपोर्टची वाट बघायची नाही. वॉर्डात फोन करायचा, आकडा मोठ्याने सांगायचा आणि पलीकडच्या माणसाकडून तो परत म्हणवून घ्यायचा. तोवर फोन ठेवायचा नाही. आईने फोन केला. पलीकडच्या सिस्टरने आकडा परत म्हटला. वेळ लिहिताना आईच्या लक्षात आलं की पहिला आकडा येऊन अकरा मिनिटं झाली होती.

“खोटा निघाला तर डॉक्टर दोन शब्द सुनावतील,” मोठ्या बाई म्हणाल्या. “ऐकून घेऊ. खरा असला आणि आपण यंत्राशी खेळत बसलो, तर त्या माणसाला काय सांगणार? तू अकरा वर्षांत असं केलं नाहीस. चल, चहा घे. आणि काय झालंय ते सांग.”

मागच्या खोलीत, खोक्यांच्या मध्ये दोन स्टुलं होती. आईने पेन्सिली सांगितल्या, हाक सांगितली, घड्या घालताना आलेलं वाक्य सांगितलं. सांगताना तिला स्वतःलाच ऐकू आलं की हे सगळं एका ओळीत किती स्पष्ट आहे.

मोठ्या बाईंनी कप खाली ठेवला.

“म्हणजे घरी तीनदा आकडा आलाय. चौथ्यांदा कशाला नळी लावतेस?”

“विचारलं आणि उलट मीच तिला सुचवल्यासारखं झालं तर?”

“नाही होत तसं. विचारल्याने कोणाच्या मनात तो विचार शिरत नाही. असला तर बाहेर यायला वाट मिळते. सगळ्यांना हीच भीती असते आणि म्हणून कोणीच विचारत नाही.”

“तुम्हाला कसं माहीत?”

मोठ्या बाईंनी स्टूल जवळ ओढलं.

“मी चौदा वर्षांची होते. घरात सगळं ठीक होतं, पोटाला होतं, कोणी मारत नव्हतं. तरी मला वाटायचं, आपण नसावं. तीन महिने मी वाट बघत होते की कोणीतरी विचारेल. आई म्हणायची, तोंड वाकडं करून बसू नकोस. शेवटी शिवणाच्या बाईंनी विचारलं. सगळा वर्ग गेल्यावर माझ्यासमोर बसल्या आणि सरळ म्हणाल्या, मरून जावंसं वाटतं का गं तुला? एक तास रडले मी. त्या बाईंनी माझ्या डोक्यात काही घातलं नाही गं. होतं ते त्यांनी माझ्याबरोबर उचललं. माझ्या आईलाही त्यांनीच सांगितलं, आणि डॉक्टरकडेही आल्या.”

आई कपातल्या चहाकडे बघत राहिली. त्यावर साय धरली होती.

“आज विचार,” मोठ्या बाई म्हणाल्या. “आडून नको, गोल गोल नको. उत्तर आलं की भाषण देऊ नकोस. तुला काय कमी आहे, असं तर मुळीच म्हणू नकोस. ऐक, आणि ऐकलेलं तिला परत म्हणून दाखव, आपण फोनवर म्हणवून घेतो तसं. काही ठरवलंय का, तेही विचार. घरात धोक्याचं जे असेल ते तिच्या हाताशी ठेवू नकोस, तिला एकटी सोडू नकोस, आणि आजच्या आज डॉक्टरांना गाठ. आता जा. तुझ्या नळ्या मी बघते.”

“तुम्हाला नवीन यंत्र चालवता येतं?”

“नाही. पण यंत्राला ते माहीत नाही. जा!”

आई बसमध्ये बसली. मनात वाक्य जुळवायचा प्रयत्न तिने तीन थांब्यांपर्यंत केला आणि मग सोडून दिला.

मुलगी चारला शाळेतून आली. दप्तर उतरवून टेबलाशी बसली. आईने ओटा पुसला. पुसलेला ओटा पुन्हा पुसला. मग तिच्या लक्षात आलं की आपण हेही तिसऱ्यांदा करायला निघालो आहोत. तिने फडकं सिंकमध्ये टाकलं आणि मुलीसमोर खुर्ची ओढली.

“तू लवकर कशी आलीस?” मुलीने विचारलं.

“तुझ्याशी बोलायला.”

“शाळेतून फोन आला? गणिताचं मी सांगणारच होते.”

“गणित मरू दे,” आई म्हणाली आणि तिच्या अंगावर काटा आला. पण आता मागे फिरायचं नव्हतं. “तू पेन्सिली देऊन टाकल्यास. बाबांनी छकुली म्हटलं तरी चिडत नाहीस. रविवारी म्हणालीस, मी नसते तर बरं झालं असतं. मी सगळं बघितलं आणि गप्प बसले. ते माझं चुकलं. आता विचारते. तुला मरून जावंसं वाटतं का?”

नळाला एक थेंब लटकला होता. तो पडला.

“रोज नाही,” मुलगी म्हणाली.

रोज नाही! आईच्या तोंडाशी एकदम कितीतरी वाक्यं आली. असं बोलू नये. आम्ही कोणासाठी राबतो? तुला काय कमी आहे? तिने ती सगळी गिळली. 

“कधी वाटतं?”

“सकाळी जास्त. उठते तेव्हाच दमलेली असते. शाळेत सगळे बोलतात ते लांबून आल्यासारखं येतं. काही झालेलं नाहीये गं आई. कोणी काही केलं नाहीये. म्हणून तर सांगता येत नव्हतं. कारण विचारलं असतंस तर काय सांगणार होते?”

“थांब, मला नीट कळलं का बघू दे. सकाळी उठतेस तेव्हाच दमलेली असतेस. लोक लांब वाटतात. कारण सापडत नाही, म्हणून सांगायची लाज वाटते.”

“लाज नाही.” मुलीने दुरुस्त केलं. “ओझं. तुम्ही आधीच दमून येता. त्यात मी आणखी एक.”

“ओझं. बरं. आणि कसं, कधी असं काही ठरवलं आहेस?”

“नाही. नुसतं वाटतं. आई, तू रडतेयस.”

“हो. रडता रडता ऐकू येतं मला. तू बोल.”

मुलगी बोलली. अर्धा तास, मध्ये मध्ये थांबत. तिने आईचा हात धरला नाही, पण टेबलावर स्वतःचा हात आईच्या हातापासून बोटभर अंतरावर ठेवला, आणि तिथून तो हलवला नाही.

बाबा आले तेव्हा त्यांच्या हातांना आणि बाह्यांना ग्रीस लागलेलं होतं. एक बूट काढता काढता त्यांनी दोघींचे चेहरे बघितले. आईने मुलीकडे बघितलं. मुलीने मान डोलावली. मग आईने सांगितलं.

“अगं, पण हे वय...” बाबांनी सुरुवात केली आणि ते थांबले. एका पायात बूट, एक पाय उघडा, असे ते खुर्चीपर्यंत चालत आले. “छकुले,” ते म्हणाले, आणि लगेच, “नाही, चुकलं. तू सांग, काय म्हणू?”

“छकुली चालेल,” मुलगी म्हणाली. मग जरा वेळाने, “आजच्या दिवस.”

बाबांनी हातांनी तोंड झाकलं. ग्रीसचा एक काळा पट्टा त्यांच्या गालावर उमटला आणि मुलीला हसू आलं. या खेपेला ते वेळेवर आलं.

“पण कोणाला सांगू नका,” ती म्हणाली. “डॉक्टर वगैरे नको. शाळेत कळेल.”

“शाळेत सांगायचं की नाही, ते तुला विचारून ठरवू,” आई म्हणाली. “डॉक्टरांना मात्र सांगणारच. हे मी पोटात ठेवणार नाही. तू चिडलीस तरी चालेल. उशी फेक.”

तिने फोन उचलला. तिच्याच रुग्णालयात, तिच्याच इमारतीत, दोन मजले वर मुलांच्या मनाचे डॉक्टर बसायचे. जवळजवळ तीन आठवडे ती जिन्याखालच्या फलकावरच्या त्यांच्या नावापुढून रोज गेली होती.

पलीकडे घंटी वाजू लागली. ती वाजते आहे तोवर तुम्हा-आम्हा सर्वांसाठी एवढं सांगायला हवं. आपण मुलांचा ताप मोजतो, गुण मोजतो, उंची दाराच्या चौकटीवर लिहून ठेवतो. मूल आवडीच्या वस्तू वाटून टाकतं, रुसणं-भांडणं सोडतं, आपण नसतो तर बरं, असं हसत हसत म्हणतं, तेव्हा मात्र वय आहे म्हणून पुढच्या खुणेची वाट बघतो. वाट बघू नका. सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने मूल त्या वाटेला जात नाही, तिथून परत यायला त्याला कोणाचा तरी आवाज मिळतो. उत्तर काहीही आलं तरी ऐकून घ्या, त्याच्याजवळ राहा, आणि त्याच दिवशी मदत मागा. तुमची शंका खोटी निघाली तर फार तर मूल तुमच्यावर हसेल. हसू द्या!

घंटी थांबली. “बोला,” पलीकडून आवाज आला.

आईने फोन मोठ्या आवाजावर टाकला आणि टेबलावर मध्ये ठेवला, तिघांनाही ऐकू जाईल असा. बोटभर अंतरावरचा तो हात तिने आता धरला.

“मी खालच्या तपासणी विभागातून बोलते,” ती म्हणाली. “नाही, कोणाचा रिपोर्ट नाही. लिहून घ्या, आणि लिहिलेलं मला परत म्हणून दाखवा. माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. तिला मरून जावंसं वाटतं. आम्ही तिघं आत्ता निघतोय.”