खिडकीजवळचा खण

त्या अतिदक्षता विभागात एक खुळी रीत होती. प्रत्येक खाटेशेजारच्या खणात नळ्या, हातमोजे, सुया ठासून भरायच्या आणि पेशंट तिथून हलवला की उरलेलं सगळं, पाकीट न फोडलेलंसुद्धा, पिवळ्या पिशवीत कोंबून भट्टीत जाळायचं. का, तर जंतू लागले असतील. मग एवढं भरता कशाला? तर असू द्यावं, लागलं तर. भीतीलाच शिस्त म्हणायची सवय लागली की असंच होतं. मागची चिमणी दिवसभर धूर ओकायची.

मुख्य सिस्टरचं घर त्याच चिमणीखालच्या गल्लीत. सासूबाई खोकत विचारायच्या, "काय गं, आत माणसं जगवता आणि बाहेर आम्हाला धुरी देता?"

दुसऱ्याच दिवशी सिस्टरने मोठ्या डॉक्टरांमागे लकडा लावला. खणात दिवसापुरतंच ठेवू, बाकीचं मधल्या झाकलेल्या ट्रॉलीवर. डॉक्टर म्हणाले, काटकसर घरी करा. शेवटी वैतागून हो म्हणाले, पण अट घातली : ऐन वेळी एक जरी वस्तू सापडली नाही, तर जुनी रीत परत आणि सिस्टरने पुन्हा तोंड उघडायचं नाही.

खण हलके झाले, पिशव्या रोडावल्या. डॉक्टरांना मात्र धीर निघेना. खिडकीजवळच्या खाटेचा खण त्यांनी गुपचूप, स्वतःच्या हाताने पुन्हा गच्च भरला.

आणि नेमका तिथलाच म्हातारा कफाने गुदमरला. यंत्र कोकलायला लागलं. डॉक्टरांनी धावत येऊन खण ओढला, तर तो अडकला. हिसका दिला तसा अर्धा संसार जमिनीवर. हातमोजेच हातमोजे, कफ ओढायची नळी काही हाताला लागेना. तोवर सिस्टरने ट्रॉलीवरची नळी उचलून पाकीट फाडलंसुद्धा होतं. कफ ओढून निघाला तशी म्हाताऱ्याची छाती भात्यासारखी चालायला लागली, ओठांवर रंग आला.

मग पसाऱ्याकडे बघत ती शांतपणे म्हणाली, "सर, अट तुमचीच. वस्तू सापडली नाही. आता कुणाची रीत बंद करायची?"



"माझी," डॉक्टर म्हणाले आणि खाली बसून पसारा गोळा करायला लागले. भट्टीत गेलेली ती शेवटची फुगलेली पिशवी.

पुढे बाकीच्या विभागांनीही ट्रॉल्या मागून घेतल्या. भट्टी दुपारीच विझायला लागली. एका संध्याकाळी सासूबाईंनी दोरीवरची पांढरी चादर काढून सुनेच्या नाकाशी धरली. नुसता साबणाचा वास.

"घ्या," सासूबाई म्हणाल्या, "आता खोकला आला तर नावं कुणाला ठेवू?"