गाळात निघालेला दगड बोलतोय

मी दगड बोलतोय. एखाद्याच्या डोक्यात दगड भरलेत असं तुम्ही खुशाल म्हणता. आधी आम्हाला विचारा तरी. तुमच्या डोक्यात शिरायला आमच्यातला एकही तयार व्हायचा नाही.

भीमेच्या काठावर एका बाईनं मला घडवलं. किती वर्षं झाली ते विचारू नका, माझं गणित कच्चं आहे. तेव्हा तिलाही नाव नव्हतं आणि नदीलाही नव्हतं. तिच्या आधीची मंडळी दगडावर दगड आपटायची. धारेची कपची उडाली तर उडाली. ही बाई मला मांडीवर घेऊन नुसती बघत बसली. उन्हं कलली तरी बघतेच आहे. मला वाटलं, खुळी दिसतेय. पण जे अजून झालंच नव्हतं, ते ती डोक्यात आधी घडवत होती. इथं मारलं की काय उडेल, मग त्याच्यापुढं कुठं मारायचं. माझे तीन भाऊ मनासारखे झाले नाहीत म्हणून तिनं फेकून दिले. मी जमलो. बूड तळहातात बसेल असं गोल, बाकी दोन्ही कडांना धार. त्या बाईला तुम्ही रानटी म्हणता.

पुढं मी गाळाखाली झोपलो. उजनीचं धरण झालं, डोक्यावर पाणी आलं. उन्हाळ्याच्या तोंडाला हे पाणी मागं सरतं आणि उघड्या पडलेल्या गाळात लोक चाऱ्याला कडवळ, मका पेरतात. त्याला गाळपेर म्हणतात. गेल्या साली जोतीरामच्या नांगराला मी लागलो.

त्याची लेक ऋतुजा मला शाळेत घेऊन गेली. माझं शिक्षण तेवढंच, दीड महिना. एकदा पाचवीच्या पुस्तकात माझंच चित्र आलं. बाई म्हणाल्या, "असली हत्यारं आपल्याकडं कुठली बघायला मिळायला, चित्रच बघा." पंख्यानं पान उडू नये म्हणून त्या चित्राशेजारी त्यांनी मलाच ठेवलं होतं. पुढं तपासणीला साहेब येणार म्हणून वर्ग झाडला आणि मी उकिरड्यावर. ऋतुजानं उचलून घरी आणलं, तर बापानं मला खुंट्या ठोकायला धरलं.

खुंट्यांची गोष्ट अशी. पाण्याखाली बांध टिकत नाही. म्हणून दर साली, जुन्या विहिरीचा कठडा उघडा पडला की तिथून पावलं मोजायची. पहिली चाळीस पावलं बजाबाईची, पुढची चाळीस ओढ्यापर्यंत जोतीरामची. बजाबाई म्हणजे जोतीरामच्या वारलेल्या थोरल्या भावाची बायको. बाकी रान धरणात गेलेलं. त्या पट्टीवर कडवळ झालं तरच तिच्या दोन म्हशी दावणीला राहणार, नाहीतर बाजार.

यंदा जोतीराम एकटाच मोजायला आला. वहिनीच्या वाटणीला मुंगीची पावलं टाकली. स्वतःच्या वाटणीला असा टांगा ताणत गेला की धोतर नेसला असता तर फाटलं असतं. मग माझ्या गोल बुडानं खुंट्या ठोकल्या.

बजाबाई आली, बघितलं आणि एकेक खुंटी उपटायला लागली.

"वयनी, हात लावायचा न्हाय. चाळीस मोजल्यात."

"व्हय की. कोंबडीनं मोजल्यावानी दिसत्यात."

"त्वांड सांबाळून बोला."

"माझ्या म्हशी काय तुमचं त्वांड खात्यात, भावजी?"

तिनं पुढची खुंटी उपटली आणि जोतीरामनं मला उचललं, तिच्या डोक्यात घालायला. लाखो वर्षं सरली आणि अक्कल बघा. ठोकताना नीट धरत होता. रागात धार मुठीत घेतली आणि करकचून आवळली. मीही कमी केलं नाही. उजवा तळवा उभा चिरला. मी गाळात पडलो, तो खाली बसला.

बजाबाईनं त्याच्याच खांद्यावरचा टॉवेल फाडून हात बांधला. मग मला उचललं, फिरवून बघितलं आणि बुडाला धरलं.

"उटा. विहिरीपासनं परत मोजा. मगाच्या लांब टांगांनी."

"मग माझी चाळीस कुटं बसायची?"

"ते ओढ्याला इचारा."

तो पुढं, ती मागं, मी तिच्या हातात. असं शिस्तीचं मोजमाप या नदीवर झालं नव्हतं. खुंट्या तिनं स्वतः ठोकल्या.

आता कडवळ गुडघाभर आलंय आणि मी बजाबाईच्या गोठ्यात असतो. म्हशी ओळखीच्या झाल्यात, वास सोडला तर तक्रार नाही. मला काचेच्या कपाटात नेऊ नका. तिथं कुणी भांडत नाही म्हणे. जोतीरामचा हात भरून आलाय आणि परवापासून तो पुन्हा खुंट्यांच्या आजूबाजूला रेंगाळतोय. भेटला तर त्याला एवढा निरोप द्या: डावा हात अजून शिल्लक आहे.