मधला डबा

मी मधला डबा बोलतोय. पाच भावंडांतला तिसरा. माझ्या झाकणावर निळ्या शाईने 'बुधवार' लिहिलंय. आता पुसट झालंय, पण वाचता येतं. फ्रीजमध्ये आमची उतरंड असायची, वर सोमवार-मंगळवार, खाली गुरुवार-शुक्रवार आणि मधे मी. मधल्या भावंडाकडे कुणाचं लक्ष नसतं म्हणतात. माझ्या बाबतीत ते नको इतकं खरं ठरलं.

जन्माने मी काच. भट्टीतून निघालो तेव्हा लालबुंद होतो. मग मला तासन्‌तास हळूहळू निववलं, कारण घाई केली असती तर मी तडकलो असतो. गरम वस्तूला वेळ द्यावा लागतो, हे कारखान्यात झाडूवाल्यालासुद्धा ठाऊक होतं.

दुकानात आम्ही पाचही जण एका खोक्यात बसून होतो. खोक्यावर एका हसऱ्या बाईचं चित्र होतं. तिच्यासमोर पाच डबे, पाचांत एकाच मापाचे गाजराचे तुकडे, आणि मागे तिचं मूल आनंदाने टाळ्या पिटतंय. आम्हांला विकत घेतलं ते एका तरुण आईने. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. "आता नीट दिसतंय की मघाशी दिसत होतं?" असं दिवसभर दुसऱ्यांना विचारणारी ही बाई त्या चित्रावर मात्र एका नजरेत भाळली.

तिच्या मुलीला घरात सगळे मुंगी म्हणतात. साडेतीन वर्षांची, हाडापेराने बारीक, आणि चालते ती भिंतीच्या कडेकडेने. आईची नोकरी पुन्हा सुरू झाली, मुंगी पाळणाघरात जाऊ लागली, आणि दुपारच्या जेवणाची जबाबदारी आम्हां पाचांवर आली.

रविवारी दुपारी आमच्या स्वयंपाकघरात रणधुमाळी असे. चारही शेगड्या पेटलेल्या. एकीवर मसूर, एकीवर भात, एकीवर अंडी उकडताहेत, आणि चौथीवर लाल भोपळा भाजतोय. फ्रीजच्या दारावर आठवड्याचा तक्ता, त्यात वार, पदार्थ, ग्रॅम.

"हे जेवण आहे की परीक्षेचं वेळापत्रक?" मुंगीचे बाबा विचारत. ते लिफ्ट दुरुस्त करतात. रविवारीही कुणी ना कुणी कुठे ना कुठे अडकलेलं असतंच.

"परीक्षाच आहे. नापास झाले तर तू काय बोलशील ते आत्ताच लिहून ठेव, आयत्या वेळी तुला सुचत नाही."

फोनवरून सासूबाईंची वेगळीच तऱ्हा. "अगं, पाच दिवसांचं एकदम शिजवायचं म्हणजे पोर शिळंच खाणार की."

"शिळं नाही आई, आगाऊ."

"आगाऊ तर तू आहेसच," असं म्हणून त्या हसत. आईही हसे, पण फोन ठेवल्यावर फ्रीजचं तापमान दोनदा बघून येई.

आणि एवढी काळजी घेणारी ही बाई एका रविवारी चुकली. लिफ्टमध्ये कुणी अडकलं म्हणून बाबा गेले, मुंगीने कपाटाच्या दारात बोट चेमटवून घेतलं, आणि आईने वाफाळता मसूर-भात आम्हां पाचांत भरला, लागलीच झाकणं लावली, प्रत्येकाच्या चारही खिट्ट्या टकाटक दाबल्या आणि आमची उतरंड फ्रीजमध्ये सरकवली. तिला वाटलं, फ्रीज थंड करीलच. फ्रीजने वरच्याला गार केलं, खालच्याला गार केलं. मी दोन गरम भावांच्या मधे दबलेला होतो. जाड काच, घट्ट झाकण. रविवारी रात्री तिने सगळ्यांत वरच्या सोमवारवर हात ठेवून पाहिला, तो थंडगार लागला. मी अजून कोमट होतो. मला ते कळत होतं आणि सांगता येत नव्हतं.

बुधवारी मुंगीने माझ्यातलं सगळं चाटूनपुसून खाल्लं. ती तेव्हा चांगली खात असे.

संध्याकाळपासून उलट्या. दोन दिवस दवाखान्यात, चिमुकल्या हाताला सलाईन. नंतरच्या तपासणीत डॉक्टरबाईंनी वजन केलं, जुना कागद पाहिला, आणि त्यांचा आवाज फार मऊ झाला. "अकरा किलो चारशे. आधीच कमी होतं, आता आणखी उतरलंय. दोन महिने बघू. बारापर्यंत नाही पोचली, तर दाखल करून सगळ्या तपासण्या करूया." आईने मान हलवली. घरी येऊन तिने मला उकळत्या पाण्याने धुतलं, एकदा, दोनदा, तीनदा. टाकून मात्र दिलं नाही. कदाचित तिला डब्यापेक्षा स्वतःचाच जास्त राग आला असेल.

मग तिने पद्धत बदलली. अन्न पसरट ताटांत निववायचं, मगच भरायचं. डबे एकमेकांवर न ठेवता शेजारी शेजारी ठेवायचे. गुरुवार-शुक्रवारची रवानगी बर्फाच्या कप्प्यात. खरं सांगतो, त्यानंतर माझ्यात जे अन्न आलं त्याला नावं ठेवायला जागा नव्हती.

पण मुंगी खाईना.

आईने तक्ता बदलला. मसुराऐवजी मटार घातले, पालक बारीक चिरून लपवला, अंड्याला डोळे-नाक काढले. संध्याकाळी मी पाळणाघरातून जसा गेलो तसा भरलेला परत येई. ती मला उघडून बघे आणि तक्त्यावर खोडाखोड करी. दर चार दिवसांनी मुंगीला काट्यावर उभं करी. काट्याचा आकडा जागचा हलत नव्हता.

अशात पाच आठवडे गेले. एका बुधवारी ती मुंगीला न्यायला आली, तर पाळणाघराच्या ताई मला हातात घेऊन दारातच उभ्या.

"आजही तेच?" आईने विचारलं.

"दोन घास. तेही गोष्टीतल्या सशाच्या नावाने."

"भोपळा आवडत नसेल. की मीठ कमी पडतंय? पुढच्या आठवड्यात मी..."

"मुंगीची आई, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचारा. रागावायला या आठवड्यात जागा नाहीये."

"तुम्ही डबा उघडल्यावर वास घेता का?"

"घेतेच. सगळेच घेतात."

"घेऊ द्या. पण ती कशी घेते, बघा." ताईंनी मला नाकाशी नेलं, भुवया आवळल्या, डोळे बारीक केले, श्वास रोखला आणि मला हळूच दूर सरकवलं. "रोज अशी. परवा कुणीतरी तिला केळं दिलं. सोललेल्या केळ्याचाही वास घेतला हो तिने."

 तो चेहरा आईचाच होता. मी दर बुधवारी सकाळी तो बोटभर अंतरावरून पाहत होतो, आणि ओट्याशेजारच्या स्टुलावर दुधाचा पेला धरून बसलेली मुंगी तर रोज पाहत होती.

"तिला बाधलं होतं ना एकदा," आई शेवटी म्हणाली. "म्हणून घाबरत असेल."

"उलट्या काय लक्षात राहतायत एवढ्याशा पोरीच्या. तुमचं तोंड मात्र बघते रोज."

दुसऱ्या दिवसापासून आईने वास घेणं सोडलं. म्हणजे, मुंगीसमोर. फ्रीजच्या दाराआड डोकं खुपसून ती आम्हांला हुंगू लागली.

"काय शोधतेयस एवढं?" बाबांनी विचारलं.

"धीर," ती आतूनच म्हणाली. "होता इथेच कुठेतरी."

मुंगीचं हुंगणं काही थांबलं नाही.

पुढच्या बुधवारी पाळणाघरात नळदुरुस्ती निघाली. आईने रजा टाकली. दुपारी तिने मला कडकडीत गरम केलं, निवू दिलं आणि मुंगीसमोर ठेवलं. मुंगीने वास घेतला, भुवया आवळल्या, मला ढकललं. आईचा हात झाकणाकडे गेला. तिथेच थांबला.

मग तिने चमचा घेतला आणि स्वतः खायला लागली.

एवढ्या महिन्यांत तिने माझ्यातला एक घासही खाल्ला नव्हता. तक्त्यात मुंगीची ओळ होती, बाबांची होती, तिची नव्हतीच. ती पातेल्याला लागलेलं ओट्याशी उभ्याउभ्या खरवडून खाई. म्हणजे मुंगीच्या दृष्टीने बघा, हे अन्न आई हुंगते, तोंड वाकडं करते, आणि स्वतः कधीच खात नाही. कुठलं शहाणं पोर खाईल?

पहिला घास तिला गिळवेना, ते मला जवळून दिसलं. तक्त्यात परत आलेला मसूर, तोही तीन दिवसांचा, वर 'बुधवार'. तिने डोळे मिटले आणि गिळला. दुसरा जरा सोपा गेला. चौथ्याला तिला खरंच भूक लागली असावी, कारण ती भराभर खायला लागली.

"आई, खराब आहे ते?" मुंगीने विचारलं.

"नाही गं."

"मग तू वास का नाही घेतला?"

"विसरले. भूक लागलेली मला."

मुंगी बराच वेळ बघत राहिली. "सगळं नको संपवू," ती म्हणाली, आणि टेबलाला वळसा घालून आईच्या मांडीवर चढली. तिने सात घास खाल्ले. आईने ते मोजले, मीही मोजले.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं सांगायला मला आवडलं असतं. काही दिवस सात घास, काही दिवस दोन. ठरल्या तारखेला मी आईच्या पिशवीत होतो. काटा अकरा किलो सातशेवर थांबला.

"बारा म्हणाला होतात," आई म्हणाली. तिचा हात पिशवीत माझी कड घट्ट धरून होता.

"म्हणाले होते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण चढतंय. दाखल करायची घाई नको. तीन आठवड्यांनी या."

आता माझी एक खिट्टी तुटलीय. गळका डबा पाळणाघरात चालत नाही, म्हणून माझ्या जागी नवा आलाय, त्याच्यावरही 'बुधवार' लिहिलंय. मी चष्म्याच्या दुकानात जातो, आईचा डबा म्हणून. तक्त्यात तिने तिसरी ओळ काढलीय, जरा दाटीवाटीने, कडेच्या मोकळ्या जागेत.

रविवारी स्वयंपाक करून ठेवणाऱ्यांनो, एका काचेच्या डब्याचं एवढं ऐका. आम्हांला गरम असताना कोंडू नका, एकावर एक रचू नका. आणि कागदावर घरातल्यांची नावं लिहाल तेव्हा आपलंही लिहा. पोरं तक्ता वाचत नाहीत, आपल्याला जेवताना बघतात.

गुरुवारी पुन्हा वजन आहे. काय होईल ते मला माहीत नाही, तिलाही नाही. आज दुपारी एक वाजता, दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात, तिने मागच्या खोलीत मला उघडलं. वास घेतला नाही असं मी खोटं सांगणार नाही. घेतला, चांगला दोनदा. बघायला इथे कुणी नव्हतं, म्हटलं घेऊ दे. मग ती खुर्चीत बसली आणि जेवली.