सगळ्या आल्या

कालव्याला पाणी सोडण्याआधी धरणावरचा दरवाजेवाला रोज आपल्या होडीवाल्या मेव्हण्याला फोन करायचा आणि एवढंच विचारायचा, "सगळ्या आल्या?" म्हणजे होड्या काठाला लागल्या ना. आज मेव्हण्याचा फोन दरवाजेवाल्याच्याच धाकट्या बहिणीने उचलला. मागे हसण्याखिदळण्याचा नुसता गोंधळ होता. "हो दादा, सगळ्या आल्या," ती म्हणाली.

चाकाला वीस फेरे देऊन त्याने दरवाजा उचलला आणि सहज मान वर केली. एक लाल होडी कालव्याच्या तोंडाकडे ओढली जात होती. मेव्हण्याला मनातल्या मनात शिव्या हासडत तो चाक उलटं फिरवू लागला. चाक मुळातच हट्टी, त्यात घामाने हात निसटत होते. विसावा फेरा बसला तेव्हा होडी लोखंडी जाळीपासून हातभर अंतरावर थांबली. होडीत त्याच्या चारही बहिणी होत्या आणि बायकोही.

त्याचा फोन वाजला.

"दादा," धाकटी कुरकुरली, "मघाशी न वल्हवता होडी कशी मस्त पळत होती. आता जागची हलत नाही. तू काही केलंस का रे?"