बांधावरचं सीमोल्लंघन

साठाव्या वर्षी विनायकराव सायकलवर बसले, ते काही हौस म्हणून नव्हे. दसऱ्याच्या दिवशी कलकत्त्याचे रस्ते विसर्जनाच्या मिरवणुकींनी तुंबतात, बस मिळत नाही, आणि थोरल्या भावाला, रघुनाथदादाला, सोनं आजच द्यायचं होतं. दादाच्या पुढच्या दसऱ्याची खात्री डॉक्टर देत नव्हते.

पाच वर्षं दोघांत अबोला. कारण काय, तर आपटा! इथे तो मिळत नाही म्हणून मराठी घरं कांचनाची पानं वाटतात. दिसायला ती भावंडंच. पण त्या दसऱ्याला मंडळात, चारचौघांदेखत, दादा म्हणाला होता, "विनायक, असलं खोटं सोनं माझ्या हातावर ठेवू नकोस." झालं. विनायकरावांनी पानं तिथेच भिरकावली आणि दादाच्या सॉल्ट लेकमधल्या नव्या घराची पायरी कधी चढले नाहीत. सुंभ जळला तरी पीळ जळायचा नाही, असलं हे घराणं.

यंदा त्यांनी मुद्दाम नागपूरहून खरा आपटा मागवला होता. पानांची पिशवी हँडलला अडकवली, पूजेची झेंडूची माळ तशीच राहू दिली आणि निघाले. "सांभाळून हो, पडाल," त्यांच्या पत्नी कमलताई दारातून म्हणाल्या.

कालव्याकाठची वाट महिन्याभरापूर्वीच झाली होती. गंगेतला गाळ टाकून बुजवलेली खारी जमीन, तिच्यावर विटांचा चुरा ठोकलेला, दोन्हीकडे पांढऱ्या तुऱ्यांचं काश गवत. वाट झकास होती, खोटं कशाला बोला. पण शेवटच्या वळणावर चुरा ठोकायचा राहिला होता. चाक वाळूत रुतलं, विनायकराव आडवे झाले आणि पिशवी घरंगळत कालव्यात गेली.

गुडघा फुटला होता, त्याचं काही नाही. पण रिकाम्या हातांनी दादापुढे उभं कसं राहायचं? बराच वेळ ते बांधावर बसून राहिले. परत फिरावं, असंही मनात आलं. मग लांबून विसर्जनाचे ढाक, ते मोठाले बंगाली ढोल, वाजू लागले. दिवस कलत होता. ते उठले आणि सायकल ढकलत चालू लागले.

फाटकाशी सुहासिनीवहिनी उभ्या होत्या. "वहिनी, आपटा आणला होता. पाण्यात गेला," विनायकराव एवढंच म्हणाले.

वहिनींनी अंगणाकडे बोट दाखवलं. तिथे पुरुषभर उंचीचं कांचनाचं झाड होतं. "त्या दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी लावलंय ह्यांनी. दर वर्षी आज सकाळपासून दाराकडे डोळे. मला एक पान तोडू देत नाहीत. म्हणतात, विनायक येऊन तोडेल."

साठीचा माणूस फाटकाशी उभा राहून रडला. आपण पाच दसरे वाया घालवले, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

आत दादा पलंगावर होता, पार वाळलेला. विनायकरावांनी अंगणातल्या कांचनाचं तोडून आणलेलं पान त्याच्या हातावर ठेवलं आणि पायांवर डोकं टेकलं. "सोनं घे, दादा."

दादाने मूठ मिटली. मग त्याची नजर फुटलेल्या गुडघ्यावर गेली.

"फार लागलं का रे?" त्याने विचारलं.