कोलारची रुसलेली डिस्क

जिन्यापर्यंत चपला. के. आर. पुरमचं आमचं एवढंसं ऑफिस, त्यात अख्खी इमारत घुसलेली. टेबलावर कोलारहून बसनं आणलेलं मशीन, त्याला कुंकू. यंत्रानंद स्वामींनी त्यातली डिस्क तारांसकट हातात घेतली, डोळे मिटले, काहीतरी पुटपुटले आणि ओवाळल्यासारखी झटक्यात फिरवली.

डिस्क घूं करून सुरू झाली. स्क्रीनवर अक्षरं आली. खालच्या झेरॉक्सवाल्यानंसुद्धा हात जोडले.

मला काहीच वाटलं नाही. त्या आठवड्यात झोपच झाली नव्हती, मला कशाचंच काही वाटत नव्हतं.

सत्त्याण्णव साल. लांबच्या गोदामांमधल्या कॉम्प्युटरवर इथून लक्ष ठेवायचं, हे आमचं काम. रोज मोडेमनं फोन लावायचा, मशीन बरंय का बघायचं. बेंगळुरूच्या पूर्वेला, कोलारच्या गोदामातली डिस्क कधीपासून कुरकुरत होती. वाचताना अडखळतेय, असा संदेश रोज यायचा. माझ्या शेजारी बसणारी आसावरी तो रोज साहेबांना सांगायची. साहेब म्हणजे त्रिविक्रमअण्णा, पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूतच राहिलेले मराठी. नवी डिस्क घ्या म्हटलं की त्यांचं ठरलेलं, स्वल्प थांब अक्का, दसरा होऊ दे.

दसऱ्याआधी आयुधपूजा आली. अण्णा स्वामींचे भक्त, आणि स्वामींचा हुकूम आला की सगळी यंत्रं बंद करा, त्यांनाही एक दिवस विश्रांती हवी. वर भविष्य, पूर्वेचं एक यंत्र रुसेल. वर्षानुवर्षं चालू असलेली मशीनं बंद करू नका, असं आसावरीनं परोपरीनं सांगितलं. तरी सगळ्या गोदामांना फोन गेले. पूजेनंतर कोलार उठलंच नाही.

आता ते उठलं होतं, आणि स्वामी बोलत होते.

"यंत्राला कान असतात. कुणीतरी रोज याच्या मरणाची भाषा करत होतं."

सगळे आसावरीकडे बघायला लागले. अण्णांनी खाली बघत तिला सांगितलं की उद्यापासून येऊ नकोस. तिच्या एकटीच्या पगारावर घर चालतं, हे त्यांना माहीत होतं.

ती रडली नाही. "सरी अण्णा," बरं म्हटल्यासारखं म्हणाली. "जायच्या आधी डेटा उतरवून घेते."

मंडळी प्रसादाच्या बिसीबेळेभातावर बसली. तिनं सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवलं, आणि मग सगळ्यांसमोर मला म्हणाली, "अवधूत, बंद कर."

स्वामींचा घास हातातच राहिला. हे महापाप आहे, म्हणाले.

"तुम्ही आहात ना, स्वामीजी," आसावरी म्हणाली.

मी बंद केलं. टेबलफॅन लावून डिस्क गार होऊ दिली. परत चालू केलं. काही नाही. स्वामींना एकदम आठवलं की दुसरे भक्त वाट बघतायत.

आसावरीनं डिस्क हातात घेतली. मंत्रासारखे, सपाट आवाजात आमच्या बसचे थांबे म्हणाली, "दोम्मलूर, मारतहळ्ळी, महादेवपुरा, के. आर. पुरम," आणि झटका दिला.

घूं.

सगळ्यांत आधी झेरॉक्सवाला हसला.

मग तिनं समजावलं. आत चकती फिरते, वाचणारं डोकं तिच्यावर हवेत तरंगतं. बंद केलं की ते चकतीवर टेकतं. जुन्या डिस्कमध्ये गार झालं की तिथंच चिकटतं, मोटरला सुटत नाही. झटक्यानं सुटतं. दुरुस्त मात्र होत नाही, पुन्हा चिकटणारच.

"पण पूर्वेचं यंत्र? ते त्यांना कसं कळलं?" अण्णांनी विचारलं.

"कोलार त्रास देतंय, हे तुम्ही त्यांना सांगितलं होतं का?"

"पूजेचं आमंत्रण द्यायला गेलो तेव्हा," अण्णा म्हणाले.

जिन्यात आता एक चपलांचा जोड कमी होता.

"उद्या ये, अक्का," अण्णा म्हणाले.

"नवी डिस्क आली की येते."

दुसऱ्याच दिवशी आली. डिस्क आणि आसावरी, दोघीही.

कुंकू लावा, फुलं वाहा, माझी काही हरकत नाही. फक्त चालू मशीन चालू ठेवा. आणि कुणी बिघाड आधी सांगत असेल तर तिला अपशकुनी म्हणू नका, काय बिघडलंय ते विचारा. आमच्या ऑफिसात ते कुणीच विचारलं नव्हतं. मी तर तिच्या शेजारीच बसत होतो.