चौदा तव्यांचा जळफळाट

मी एक जुना तव्यांचा कुळव आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून टाकतो, मी जळका आहे. दुसऱ्याचं बरं झालेलं मला बघवत नाही. कुळवाला पोट नसतं हे मलाही कळतं, पण दुखायचं ते दुखतंच.

लोखंडी चौकटीला दोन ओळींत बसवलेले चौदा गोल, धारदार तवे, म्हणजे मी. नांगरटीनंतर वर आलेली ढेकळं फोडायची आणि माती पेरणीजोगी भुसभुशीत करायची, हे माझं काम. दुकानात मला डिस्क हॅरो म्हणतात. घरात मात्र माझं नाव 'चौदा'. "चौदाला धुतलं का?" असं आमच्या मालकीणबाई, म्हणजे वहिनी, विचारायच्या, तेव्हा फार बरं वाटायचं.

माझा जन्म एका अरुंद गल्लीतल्या वर्कशॉपमध्ये झाला. मला घडवणारा वेल्डर कामापेक्षा बोलायचाच जास्त. आमचे मालक, म्हणजे घरातले थोरले भाऊ, मला घ्यायला आले तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला, "ट्रॅक्टर किती एचपीचा?"

"पंचेचाळीस," थोरले म्हणाले.

"मग हा चौदा तव्यांचाच न्या. तव्यामागे तीन-साडेतीन घोडे धरायचे. माती चिकट असली की त्याहून जास्त. जोडी जमली पाहिजे, नाहीतर दोघंही रडतात."

थोरल्यांनी मान डोलावली. त्यांना सगळं कळलं होतं, हे लक्षात ठेवा.

आमची जोडी जमलीही झकास. ट्रॅक्टर ओढायचा, मी मागून माती कापत जायचो, आणि त्याला कधी धाप लागली नाही. थोरल्यांची पाठ धरायला लागल्यावर त्यांची बायको ट्रॅक्टरवर बसायला लागली. धाकटे दीर त्यांना वहिनी म्हणायचे, म्हणून मीही वहिनीच म्हणतो. त्यांचा हात इतका बसला होता की बांधाच्या कडेचं वीतभर रानसुद्धा सुटायचं नाही. येणारे-जाणारे थांबून मातीत पाय घालून बघायचे आणि म्हणायचे, "वा! पीठ केलंय नुसतं!" अहाहा! ते दिवस आठवले की गंजलेल्या अंगावरही मूठभर मांस चढतं.

तेव्हाही मी जळायचो, नाही असं नाही. ट्रॉलीवर जळायचो. ती मेली ट्रॅक्टरबरोबर बाजाराला जायची आणि मी खळ्यात तिष्ठत बसायचो. पण माती माझी होती, म्हणून ते खपवून घेतलं.

मग बांधापलीकडे धाकट्यांनी सत्तर एचपीचा ट्रॅक्टर आणला. भावाभावांची वाटणी झाल्यापासून बोलणं तुटलेलंच होतं. आता तो आवाज सुरू झाला की थोरले जेवणावरून उठून बाहेर यायचे आणि कपाळाला हात लावून पलीकडे बघत राहायचे. खरं म्हणजे धाकट्यांचीही गंमतच होती. एवढ्या दांडग्या ट्रॅक्टरच्या मागे त्यांनी वाटणीत मिळालेला आठ तव्यांचा कुळव लावला होता. डिझेल भरमसाट जळायचं आणि रान हवं तेवढं व्हायचं नाही. पण थोरल्यांना ते दिसलं नाही. त्यांना नुसता ट्रॅक्टर दिसला.

आठवड्याच्या आत थोरले एक नवा कुळव घेऊन आले. वीस तव्यांचा! लाल रंग, तव्यांवर कंपनीचा कागद तसाच, आणि रुंदी एवढी की फाटकातून आत घेताना एक खांब काढावा लागला.

"अहो, आपला ट्रॅक्टर पंचेचाळीसचा आहे," वहिनी म्हणाल्या.

"तेवढा ओढतो तो. त्याच्या आठ तव्यांपुढे आपले वीस! बघू दे त्याला."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला पिना काढून गोठ्यामागे ढकललं आणि माझ्या जागी, माझ्या ट्रॅक्टरला, त्या लालबुंद बाबाला जोडलं. त्यालाही नाव मिळालं, 'वीस'. भंगारवाला येऊन माझा एकेक तवा बोटाने वाजवून गेला. थोरले त्याला म्हणाले, "सोमवारी ये, घेऊन जा."

सोमवार! माझी सारी उमर त्या मातीत गेली आणि मला वाजवून बघायला भंगारवाला? गोठ्यामागून रान स्वच्छ दिसत होतं. मी मनात म्हटलं, बघतोच या विसाची ऐट किती टिकते ते.

पहिल्या दिवशी ट्रॅक्टरने वीसला निम्म्या रानापर्यंत नेलं. नेलं म्हणजे काय, फरफटत नेलं. इंजिन गुरगुरायला लागलं, मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली आणि क्लचचा जळका वास माझ्यापर्यंत आला. मला ट्रॅक्टरची दया आली आणि वीसची फजिती बघून आनंदही झाला. दोन्ही एकदम.

थोरले मागे हटेनात. त्यांनी तव्यांच्या ओळींचा तिरपेपणा कमी केला, म्हणजे ओढायला हलकं जाईल. हलकं गेलं खरं, पण तवे मातीत घुसेचनात, चाकांसारखे वरच्या वर फिरायला लागले. ढेकळं होती तशीच. मग तवे खोल जावेत म्हणून थोरल्यांनी चौकटीवर दगड आणून रचले. आधीच ओझं जड, त्यावर दगड! आणि हे सगळं कशासाठी? तर बांधापलीकडच्या दोन डोळ्यांनी बघावं म्हणून.

वहिनी ट्रॅक्टरवर बसल्या. रान चढाचं होतं. वरच्या बांधाशी पोचल्यावर वळण्यासाठी त्यांनी लिफ्टचा दांडा ओढला, वीस जमिनीवरून उचलला गेला, आणि त्याबरोबर ट्रॅक्टरचं तोंडही उचललं गेलं. पुढची दोन्ही चाकं हवेत! ट्रॅक्टर मागे उलथायला लागला.

आधी मला हसू आलं होतं. झाली एकदाची फजिती, असं वाटलं होतं. पण मग सीटवर दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून ताठ झालेल्या वहिनी दिसल्या आणि माझं हसू कुठल्या कुठे पळालं. तो ट्रॅक्टर माझा, त्या वहिनीही माझ्याच. हलता येत नव्हतं, ओरडता येत नव्हतं.

वहिनींनी दांडा झटक्यात खाली लोटला. वीस दगडांसकट धाडकन जमिनीवर आला आणि पुढची चाकं खाली आपटली. इंजिन बंद पडलं. थोरले धावत गेले.

"अगं, लागलं का कुठं? उतर खाली."

"उतरते. आता तुम्ही बसा," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या भावाला दाखवायला मी मरायचं का?"

थोरले खाली मान घालून दगड उतरवायला लागले.

वहिनी तशाच बांधाकडे गेल्या. धाकटेही धावत बांधापर्यंत आले होते, पण तिथेच अडखळून उभे होते.

"भाऊजी, तुमचा ट्रॅक्टर आणा आणि हे धूड घेऊन जा. ते तुमच्याच कामाचं आहे."

"दादा देईल?"

"विचारा की. तोंडाला कुलूप लावलंय का?"

धाकटे आले. दोघे भाऊ समोरासमोर उभे राहिले. थोरल्यांनी हातातला शेवटचा दगड खाली टाकला. मग थोरले म्हणाले, "डावीकडची पिन सैल होते. नीट ठोकून बसव."

"बसवतो दादा," धाकटे म्हणाले.

सोमवारी भंगारवाला आला तेव्हा मी ट्रॅक्टरला जोडलेला होतो. वहिनींनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. मला वाटलं, झालं, आता मी सुखी.

कसलं काय! सत्तर एचपीच्या मागे वीस असा चालायला लागला की बघत राहावं. धाप नाही, फरफट नाही, एका फेरीत केवढं तरी रान! आणि माती? माती माझ्याइतकीच बारीक. थोडी जास्तच असेल, पण ते मी चारचौघांत कबूल करणार नाही. माझ्या जागी होता तेव्हा मी त्याच्यावर जळत होतो, आता त्याच्या स्वतःच्या जागी आहे म्हणून जळतो.

मित्रांनो, अवजारं धुवा, पुसा, पावसात उघडी टाकू नका, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मीही सांगतो. ज्याची जेवढी ताकद, तेवढंच त्याच्या मागे लावा, हेही सांगतो. पण माझं खरं दुखणं वेगळंच आहे. थोरले आता रोज संध्याकाळी माझ्या बेअरिंगना ग्रीस भरतात. हात माझ्यावर असतो आणि नजर बांधापलीकडे. कालही तसंच झालं. वहिनी ओरडल्या, "अहो, ग्रीस सगळं मातीत चाललंय!" थोरल्यांनी दचकून खाली बघितलं. तेवढा एक क्षण त्यांनी मला बघितलं, आणि खरं सांगतो, तेवढा एक क्षण मीही पलीकडे बघितलं नाही.